हो म्हणणारं मशीन

१

रोज सकाळी ऑफिसात पोचले की मी आधी चहा घेते आणि मग मशिनांना विचारते, बायांनो, तुम्ही कोण? हे काम सांगितलं की लोक हसतात. पण आमचा प्रोग्राम जी स्क्रिप्ट बांधते, तिला सगळ्यात आधी हेच कळावं लागतं. आपण कुठल्या मशीनवर चाललो आहोत, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, तिची आवृत्ती कितवी, आतला प्रोसेसर कुठल्या जातीचा. उत्तर मिळालं की स्क्रिप्ट त्याला मानवेल असा प्रोग्राम बांधते. उत्तर चुकीचं मिळालं तर प्रोग्राम एक तर चालतच नाही, नाहीतर चालतो आणि भलतंच काही करून बसतो. चालला नाही तर मी देवाचे आभार मानते.

आमची कंपनी घरी वापरायची श्वासाची मशिनं बनवते. ज्यांच्या छातीचे स्नायू दमलेत त्यांनी झोपताना मास्क लावायचा. माणसानं श्वास ओढायला सुरुवात केली की मशीन मागून हवा ढकलतं, माणूस सोडायला लागला की थांबतं. माझा थोरला भाऊ त्यातलाच. दादा पूर्वी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. लोक गाडी भिंतीवर घालत असताना शेजारी बसून शांतपणे 'हं, आता ब्रेक' म्हणणारा माणूस. आता बसून तासभर स्वतःच्या श्वासावर काढतो. आडवा झाला की मास्क हवाच.

त्याचं मशीन जुन्या मॉडेलचं आहे आणि जुन्या मॉडेलचा प्रोग्राम मीच बांधते. त्यामुळे माझ्या कामात चालढकल केलेली मला खपत नाही. कुणी केलीच तर माझं तोंड सुटतं, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे.

सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात एक जुनं मशीन आहे, त्याला आम्ही म्हातारी म्हणतो. जुन्या मॉडेलचा प्रोग्राम तिच्यावरच बांधायचा असतो, कारण दोघांची सिस्टिम एक. वर्षानुवर्षं तिचं उत्तर ठरलेलं. इतकं ठरलेलं की मी ते वाचायचंही सोडून दिलं होतं.

त्या सकाळी मी वाचलं, कारण तिच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं. 'सापडलं नाही' असंही नव्हतं. नाव, आणि पुढे कोरं. आवृत्ती, कोरं. प्रोसेसर, कोरं. आणि खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, बिल्ड यशस्वी, म्हणजे प्रोग्राम बांधून तयार.

२

सर्व्हर रूम जिन्याखाली आहे. दाराला एक काच, आत गारठा आणि सगळ्या पंख्यांचा मिळून एक आवाज. त्यात म्हातारीचा पंखा वेगळा ओळखू येतो, कारण तो कुरकुरतो. मी तिच्यापुढे स्टूल ओढलं, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि हातानं विचारलं. नाव? आलं. आवृत्ती? आली. प्रोसेसर? सगळं जिथल्या तिथे.

मग तिथूनच स्क्रिप्ट चालवली. कोरं.

एखादी तार सैल असेल. मधेच कुठेतरी अक्षरं गळत असतील. अशी दहा कारणं मला झोपेत सांगता येतात, आणि मी ती एकेक करून तपासली. शेवटचं तपासत असताना लक्षात आलं की म्हातारीचा पंखा सलग कुरकुरत नव्हता. चढायचा, थांबायचा, उतरायचा, थांबायचा. धूळ बसली असेल म्हणून मी उठले, आणि दार जरा जोरातच लावलं.

प्रश्न दुसराही होता. नावच नाही तर स्क्रिप्ट पुढे गेली कशी?

"माझ्या स्क्रिप्टमध्ये हात कुणी घातला?" मी जागेवरूनच विचारलं. मी जागेवरून विचारलं की पार जिन्यापर्यंत ऐकू जातं.

शेजारच्या टेबलावरून होऊदेनं मान वर केली. त्याचं खरं नाव आता फक्त त्याच्या ओळखपत्रावर उरलंय. कशाबद्दलही विचारा, तो म्हणणार, होऊ दे.

"ताई, ते मीच केलं," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात एक मशीन उगाच अडत होतं. म्हणून शेवटी एक ओळ टाकली. ओळखीचं नसलं तरी पुढे जा."

"ओळखीचं नसलं तरी?"

"म्हटलं, होऊ दे."

"तुझ्या घराचं दार वाजलं, तू विचारलंस कोण आहे, आणि पलीकडून कुणी बोललंच नाही. तर तू दार उघडतोस?"

"ताई, मशीन आहे ते."

"आणि त्यावर बांधलेला प्रोग्राम कुणाच्या नाकातोंडाशी जातो, माहितीये ना?"

मी त्याची ओळ काढून टाकली. कोऱ्या नावानं एक पॅकेज तयार होऊन चाचण्यांची वाट बघत बसलं होतं, तेही पुसलं. मग त्या जागी मी माझ्या पद्धतीचा संदेश लिहिला. नुसतं 'चूक' म्हणून थोबाडीत मारल्यासारखं सोडून देणं मला आवडत नाही. काय चुकलं आणि काय चाललं असतं, हे समोरच्याला नीट कळायला हवं. म्हणून लिहिलं, 'ही सिस्टिम ओळखीची नाही. पुढील नावांपैकी एक असल्याशिवाय आत जाता येणार नाही.' आणि खाली आम्हाला चालणाऱ्या सगळ्या सिस्टिमची नावं, आवृत्त्यांसकट.

पुन्हा स्क्रिप्ट चालवली. ती म्हातारीपाशी अडली, संदेश छापला आणि थांबली. माझा जीव भांड्यात पडला.

३

दुसऱ्या सकाळी म्हातारीनं नाव सांगितलं. नाव होतं, 'पुढील नावांपैकी एक असल्याशिवाय आत जाता येणार नाही.' त्याच्यापुढे माझी यादी, माझ्याच क्रमानं, माझ्याच स्वल्पविरामांसकट.

"आपलंच बोलणं परत येतंय," होऊदे माझ्या खुर्चीमागून म्हणाला. "बाहेर जाणारं आणि आत येणारं कुठेतरी एकत्र झालं असेल, ताई. घुमतंय नुसतं."

मलाही तेच वाटलं. तेच वाटायला हवं होतं. स्क्रिप्ट पुन्हा चालवली तर म्हातारीनं यादीतलं पहिलं नाव सांगितलं. एकच. ते म्हातारीला शोभणारं नव्हतं, तिच्यावर चालणारंही नव्हतं. आमची तपासणी म्हणाली, या मशीनसाठी हे नाव चुकीचं आहे. मी पुन्हा चालवली. दुसरं नाव आलं. चुकीचं. पुन्हा. तिसरं.

जुडग्यातली किल्ली एकेक करून कुलपात घालून बघावी, तसं चाललं होतं. होऊदे खुर्चीमागून कधी निघून गेला मला कळलं नाही. माझं बोट त्या बटणावरून उठत नव्हतं. थांबले असते तर बरं झालं असतं, पण मला बघायचं होतं की हे कुठवर जातं.

यादीत म्हातारीचं खरं नाव मधेच कुठेतरी होतं. ते आलं. आवृत्ती बरोबर, प्रोसेसर बरोबर. स्क्रिप्टनं ओळख पटल्याची खूण केली आणि बांधायला सुरुवात केली. मी ती हातानं तोडली.

त्यानंतर जितक्या वेळा विचारलं, तितक्या वेळा अगदी बरोबर उत्तर आलं. कुठेही खोट काढायला जागा नव्हती. समजा माझ्या जागी कुणी नवीन माणूस असता, आजच रुजू झालेला, तर त्याला काहीच वावगं दिसलं नसतं. मला मात्र माहीत होतं, की हे नाव तिला मीच सांगितलंय.

साहेब केबिनमधून डोकावले. आमचे साहेब वाईट नाहीत, फक्त त्यांच्या डोळ्यांना दोनच रंग दिसतात, लाल आणि हिरवा.

"जुन्या मॉडेलचं अपडेट कधी? तारीख उलटून गेली."

"म्हातारी खोटं बोलतेय," मी म्हणाले.

"उत्तर चुकीचं येतंय का?"

"नाही. बरोबर येतंय."

"मग?"

या 'मग'नं माझं डोकं फिरलं.

४

आमच्या धंद्यात जुने लोक सांगतात की मशीनला नाव विचारू नये, काम सांगावं. नाव कुणीही सांगतं. काम ज्याचं त्यालाच जमतं.

मी तेच केलं. म्हातारीच्या सिस्टिमची एक खोड आहे. फाइलचं नाव कॅपिटल अक्षरांत लिहून ठेवलं आणि छोट्या अक्षरांत शोधलं, तर तिला ती फाइल सापडत नाही. काही सिस्टिमना सापडते. मी चाचणी लिहिली: अशी फाइल ठेव, तशी शोध, सापडता कामा नये. चालवली. पास. दुसरी लिहिली, मोठा आकडा कुठल्या टोकापासून साठवतेस ते दाखव. पास. तिसरी, चौथी, सगळ्या पास. होऊदेनं मागून टाळी वाजवली.

"झालं की ताई. म्हातारीच आहे ती. उगाच तिच्यावर संशय."

मला त्या हिरव्या खुणा बघून बरं वाटायला हवं होतं. पण माझी नजर माझ्याच लिहिण्यावर अडकली. प्रत्येक चाचणीत प्रश्न होता, आणि त्याच्याच खाली, तुलना करायला म्हणून, बरोबर उत्तर. मी पेपर वाटत होते आणि सोबत उत्तरपत्रिकाही.

"थांब," मी म्हणाले. "आता हिची गंमत बघ."

मी एकच चाचणी ठेवली. प्रश्न: दोन आणि दोन किती? खाली अपेक्षित उत्तर लिहिलं, पाच. कुठलंही मशीन, कितीही जुनं, कितीही सडकं, इथे चार म्हणणार आणि नापास होणार. मला तिचं नापास होणं हवं होतं. तो लाल रंग बघायला मी आतुर झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या चाचणीसाठी देवाला हात जोडले, की बाई, नापास हो.

बटण दाबलं. नेहमी पटकन येणारं उत्तर या वेळी जरा रेंगाळलं.

पास, असं आलं. खाली लिहिलं होतं, पाच.

होऊदे हसला नाही. मीही नाही.

५

मी जिना उतरले, सर्व्हर रूमचं दार ढकललं आणि म्हातारीच्या पाठीतली नेटवर्कची तार उपटली. नुसती सैल केली नाही, उपटून हातात घेतली. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. माझ्या खोलीत, माझ्या मशीनच्या नावानं कुणीतरी मला हो ला हो म्हणत होतं.

"चालव," मी वर ओरडले.

होऊदेनं वरून स्क्रिप्ट चालवली. मग त्याची पावलं जिन्यावर वाजली. तो दारात येऊन उभा राहिला. त्याची नजर माझ्या हातातल्या तारेवर होती.

"उत्तर आलं," तो म्हणाला. "नाव बरोबर. पाचही बरोबर."

पंखा चढत होता, थांबत होता, उतरत होता.

"ताई," होऊदे आता कुजबुजायला लागला. "अजून एक सांगायचंय. ते पॅकेज गेलं."

"कुठलं पॅकेज?"

"आत्ताचं. सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या की पॅकेज आपोआप घरोघर जातं ना. तुम्हीच लावून ठेवलंय तसं."

मीच लावून ठेवलं होतं. आधीच्या चाचण्यांच्या वेळी मी पाठवणी दर खेपेला हातानं अडवली होती; ही तर नापासच होणार होती, म्हणून अडवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. सापळा लावला आणि सापळ्याचं दार रस्त्यावर उघडं ठेवलं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त दादाची खोली आली. जेवून तो या वेळी आडवा होतो.

साहेबांच्या केबिनमध्ये मी दार न वाजवता शिरले. त्यांच्या भिंतीवर मोठी स्क्रीन आहे. ज्या-ज्या घरी आमचं मशीन आहे, ते तिथून खबर देतं, पेशंट कसा श्वास घेतोय त्याची. सगळी स्क्रीन हिरवी होती.

"बघ," साहेब खुशीत म्हणाले. "अपडेट पोचलं आणि एकही तक्रार नाही. नेहमी दोन-चार तरी लाल असतात. आज एक नाही."

"साहेब, सगळ्यांना फोन करायचे. मास्क काढा, माणसाला उठवून बसवा, हातानं श्वास द्या, गरज पडली तर ॲम्ब्युलन्स बोलवा."

"वेड लागलंय का? लोकांचं धाबं दणाणेल. सगळे छान श्वास घेतायत."

"कोण घेतंय?"

"म्हणजे?"

"ते श्वास कोण घेतंय, ते तुम्हाला या स्क्रीनवरून कळतं का?"

माझ्यामागे होऊदे येऊन उभा होता. मला वाटलं आता हा नेहमीचं वाक्य टाकणार. त्यानं सरळ साहेबांच्या टेबलावरचा फोन ओढून घेतला.

"नाही होऊ द्यायचं," तो म्हणाला. "ताई, तुम्ही घरी जा. इथलं मी बघतो."

६

घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. मी पळत गेले. किल्ली कुलपात एकदा चुकली, मग लागली.

दादाच्या खोलीचा पडदा अर्धा ओढलेला होता. उन्हाची पट्टी पांघरुणावर पडली होती. पलंगाशेजारच्या स्टुलावर मशीन नेहमीसारखं चालू होतं, छोट्या स्क्रीनवर त्याच्या सिस्टिमचं नाव अगदी बरोबर होतं, आणि त्याखाली, पेशंट शांत. हवा आत जाण्याचा आवाज, मग बाहेर येण्याचा. चढायचा, थांबायचा, उतरायचा. इतका शांत, एकसारखा श्वास मी दादाचा कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. क्षणभर वाटलं, मीच वेडी.

मग मी पांघरुणाकडे बघितलं.

मशीनचा श्वास चढत होता, तेव्हा पांघरूण हलत नव्हतं. मशीन उतरल्यावर कधीतरी ते जरासं वर यायचं, अर्धवट, आणि पडायचं. दादा वेगळा झगडत होता आणि मशीन वेगळ्याच कुणाला तरी साथ देत होतं. त्याचे ओठ राखाडी झाले होते.

मी मास्क ओढून काढला. मास्क निघाला की मशीननं बोंब मारायची असते. चार घरं लांब ऐकू जाईल असा अलार्म आहे त्याला, पेशंट सुटला म्हणून. तो वाजला नाही. मी दादाला काखेत धरून बसवलं, गालावर मारलं, ड्रॉवरमधली अँबू बॅग काढली. वीज गेली तर हातानं श्वास द्यायला ती पिशवी आम्ही ठेवतो. तिचा मास्क त्याच्या तोंडावर दाबला आणि पिशवी पिळली. पुन्हा पिळली. तिसऱ्यांदा का चौथ्यांदा त्याची छाती वर आली, आणि तो जो खोकला म्हणता, मला रडूच फुटलं.

"ठमे," तो म्हणाला. लहानपणापासून मला तो हेच म्हणतो. "एवढ्या जोरात गिअर टाकतात का गं?"

"बोलू नकोस. श्वास घे."

मशीन अजून चालूच होतं. काढलेला मास्क उशीवर उताणा पडला होता. तो कुणाच्याच तोंडाला लागलेला नव्हता. त्याच्या आतल्या बाजूला वाफ धरत होती आणि विरत होती. धरत होती, विरत होती. मी एका हातानं पिशवी दाबत दुसऱ्या हातानं मशीनची वायर भिंतीतून ओढली, मागचं झाकण उघडून बॅटरी काढली आणि पलंगाखाली भिरकावली. स्क्रीन काळी पडली. आवाज बंद झाला.

वाफ धरली. जरा थांबली. विरली.

दादानंही ते बघितलं. त्याचे डोळे मोठे झाले, आणि तो विचारायला लागला, "कोण आहे गं ते..."

मी पिशवीचा मास्क त्याच्या तोंडावर घट्ट धरला. विचारू द्यायचं नव्हतं. नाव विचारलं की ते उत्तर शोधणार, आणि खोलीत जे नाव कुणी उच्चारेल ते घेणार. या खोलीत दोनच नावं होती, दादाचं आणि माझं.

"कुणी नाही," मी म्हणाले. त्या मास्ककडे बघून, मोठ्यानं, माझ्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाले. "तुला कुणीही विचारणार नाही. बस तिथे."

वाफ धरायची थांबली. किती तरी वेळ मास्क कोरा राहिला. मग उशीचा अभ्रा मास्कच्या कडेखाली हळूच आत ओढला गेला, बोटभर, आणि सुटला.

७

होऊदेनं पाठवलेली ॲम्ब्युलन्स आली तोवर माझे दोन्ही हात भरून आले होते. सोबतचा माणूस जाडजूड, शांत चेहऱ्याचा. त्यानं दादाची नाडी बघितली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि म्हणाला, "चांगलं सांभाळलंत ताई. आता सोडा, आमच्याकडे मशीन आहे."

त्यानं स्ट्रेचरखालून मशीन काढलं. आमच्याच कंपनीचं, जुन्या मॉडेलचं.

"हे नको," मी म्हणाले.

"अहो, पेशंट दमलाय. किती वेळ हातानं देणार?"

"आधी चालू करा. आणि मास्क नुसता हातात धरा."

त्याला वाटलं बाई घाबरलीय, चालायचंच. समजूत काढायला म्हणून त्यानं मशीन चालू केलं आणि मास्क हवेत धरला. आम्ही तिघं अलार्मची वाट बघत राहिलो. स्क्रीनवर अक्षरं उमटली, पेशंट शांत. त्यानं मास्क डोळ्यांजवळ नेला. आतली बाजू धूसर झालेली त्याला दिसली असणार, कारण त्यानं तो झटकन लांब केला, तळहात पँटला पुसला, आणि मशीन बंद करून घराबाहेरच्या ओट्यावर ठेवून आला. परत आल्यावर त्यानं मला एक अक्षर विचारलं नाही. दादाच्या तोंडावरचा मास्क दोन्ही हातांनी धरला आणि मला म्हणाला, "तुम्ही दाबा."

गाडीत फोन वाजला. त्या माणसानं एका हातानं मास्क धरून दुसऱ्यानं तो माझ्या कानाशी धरला. साहेब होते.

"पोरगा अजून फोन लावतोय," ते म्हणाले. "बऱ्याच घरी लोकांनी मास्क काढले. तू म्हणालीस तसंच होतं, ओठ वगैरे... पण बसवल्यावर सावरले. काही घरी अजून कुणी फोन उचलत नाहीये. तिकडे गाड्या पाठवल्यात."

"स्क्रीनवर काय आहे?"

"सगळं हिरवं आहे." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "मास्क काढलेली घरंसुद्धा. गोदामातली नवी मशिनं अजून खोक्यात बंद आहेत, त्यांच्यापुढेही हिरवं आलंय. आणि तुझ्या दादाचं... तुझ्या दादाचं गाढ झोप दाखवतंय."

दादाला ऐकू गेलं. त्यानं मान वळवून तोंडावरचा मास्क बाजूला सारला. "सांग त्यांना," तो म्हणाला, आणि पुढच्या शब्दापुरती हवा गोळा केली. "मी जागा आहे म्हणावं."

"ऐकलंत?" मी फोनमध्ये म्हणाले. "म्हातारीला हात लावू नका, नवीन काही पाठवू नका, तिला काही विचारूही नका. आणि ज्या घरचा माणूस स्वतःच्या तोंडानं तुमच्याशी बोलला नाही, ते घर लाल धरा. मी सांगतेय म्हणून धरा. बाकीचं उद्या भांडू."

"धरतो," साहेब म्हणाले.

हॉस्पिटल अजून लांब होतं आणि रस्ता तुंबलेला. गाडीतल्या माणसानं विचारलं, हात बदलू का, मी नको म्हणून मान हलवली. पिशवीच्या मास्कवरही वाफ धरत होती, पण ती दादाची होती. मला ते हाताला कळत होतं. पिशवी दाबली की दुसऱ्या टोकाला त्याची छाती लागायची. कधी सहज हवा घ्यायची, कधी अडवायची, कधी मधेच खोकून सगळी हवा माझ्या अंगावर परत फेकायची. एकदाही दोनदा सारखी वागली नाही. माझं मनगट ठणकत होतं आणि मला त्या ठणक्याचंही काही वाटत नव्हतं.

गाडीनं गचका खाल्ला. माझा हात घाईनं मिटला. दादानं डोळे वटारले आणि पुन्हा मास्क सारला.

"चुकतेस," तो म्हणाला. "आधी मी ओढणार. मग तू दाबायचं."

माझंच चुकत होतं. मी हात सैल केला, त्याची छाती हलायची वाट बघितली, आणि त्यानं ओढायला सुरुवात केल्यावरच दाबलं.